बायोप्सीत ‘एफएसजीएस’, मामाही डायलिसिसवर गेलेला : दोष पाण्याचा की रक्ताच्या नात्याचा?

प्रश्न थोडक्यात असा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला २२ वर्षांचा मुलगा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा घटक) २.८, रक्तदाब १५०/९६, लघवीत प्रोटीन तीन प्लस आणि लाल पेशी. लहानपणी ताप आला की लघवी लाल व्हायची, असं आई सांगते. बायोप्सीत १४ ग्लोमेरुलाय, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, मिळाले. ५ पूर्ण कडक झालेले, ३ मध्ये अर्धवट काठिण्य. इंटरस्टिशियममध्ये, म्हणजे नलिकांच्या मधल्या भागात, ४० टक्के फायब्रोसिस (व्रणासारखं कडक होणं), मधूनमधून फेसाळ पेशींचे पुंजके. इम्युनोफ्लुरोसन्स (प्रतिकारद्रव्यांचा साठा पाहणारी तपासणी) निगेटिव्ह. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी केलेली नाही. रिपोर्टवर निदान ‘एफएसजीएस’, म्हणजे काही गाळण्यांचे काही भाग कडक होणं. मामा २८ व्या वर्षी डायलिसिसवर असताना वारला. गावात सगळे म्हणतात, ‘पान्यानंच किडन्या गेल्या’. ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : एवढ्यावरून आजार आनुवंशिक म्हणता येईल का, स्टेरॉइड सुरू करायचे का, आणि आई किडनी द्यायला तयार आहे तर तिची घ्यावी का.

डॉक्टर, शेवटचे दोन प्रश्न आधी घेतो, कारण त्यांत चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. स्टेरॉइड आत्ता सुरू करू नका. आईला दाता म्हणून आत्ताच पक्कं करू नका. या मुलाला अल्पोर्ट सिंड्रोम (गाळणीच्या पडद्यातलं कोलाजेन-४ हे प्रथिन सदोष असणारा, कान-डोळ्यांनाही धरणारा आनुवंशिक आजार) असण्याची शक्यता इतकी ठळक आहे की ती खोडून निघेपर्यंत तेच आहे असं धरून चालावं.

एफएसजीएस म्हणजे गाळणीवर उमटलेला व्रण. घाव कुणी घातला हे व्रण पाहून कळत नाही. रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा, स्टेरॉइडला दाद देणारा एफएसजीएस वेगळा असतो. त्यात अंगावर सूज अचानक येते, रक्तातलं अल्ब्युमिन ३ च्या खाली जातं, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पोडोसाइटचे, म्हणजे गाळणीला बाहेरून धरणाऱ्या पेशींचे, पाय जवळजवळ सगळीकडे सपाट झालेले दिसतात. लठ्ठपणा, जुना रक्तदाब, किंवा गाळण्या कमी उरल्यामुळे उरलेल्यांवर पडलेला ताण यांतूनही तसाच व्रण उमटतो. आणि जनुकातल्या दोषातूनही. मोठ्या वयात घराण्यात चालत आलेला एफएसजीएस दिसला आणि जनुकं तपासली, तर सापडणाऱ्या कारणांत कोलाजेन-४ ची जनुकं, म्हणजे अल्पोर्टचीच, बऱ्याच वेळा वर असतात. अशा जनुकीय एफएसजीएसला स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. दोन-तीन महिने रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिल्यावर साखर चढते, दबलेला टीबी उफाळतो, हाडं ठिसूळ होतात. क्रिएटिनिन मात्र आपल्या वाटेनं वाढतच राहतं. अल्ब्युमिन अजून केलं नसेल तर आजच करा. लघवीत तीन प्लस प्रोटीन असून अल्ब्युमिन ३.५ च्या वर आणि पायावर फारशी सूज नाही, असं निघालं तर स्टेरॉइड न देण्याच्या बाजूनं आणखी एक वजन पडलं.

रिपोर्टमधल्या फेसाळ पेशींवर बोट ठेवायला हवं, पण जपून. त्या अल्पोर्टमध्ये खूप दिसतात म्हणून पुस्तकात त्यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं असतं. प्रत्यक्षात लघवीतून वर्षानुवर्षं प्रोटीन गेलेल्या कुठल्याही किडनीत त्या सापडू शकतात. एकट्या फेसाळ पेशींवर निदान टेकवता येत नाही. इथं त्यांना वजन आहे ते लहानपणापासूनच्या लाल लघवीमुळे आणि मामामुळे.

मामा, काका नव्हे. आनुवंशिक आजाराची निम्मी तपासणी या एका शब्दात होते, आणि मराठीनं ती आपल्याला फुकट करून दिलेली आहे. केसपेपरवर ‘अंकल’ लिहिलं की ती निम्मी माहिती वाया गेली. अल्पोर्टचा सर्वांत परिचित प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या सीओएल४ए५ जनुकाचा. बाप मुलाला एक्स देत नाही, म्हणून हा प्रकार बापाकडून मुलाकडे कधीच जात नाही. तो आईकडून येतो. मामा, मावसभाऊ, आईच्या आईचा भाऊ अशी आजारी माणसं निघाली तर एक्सचा संशय घट्ट होतो. बाप किंवा काका निघाला तर दोन्ही लिंगांत सारखा उतरणारा, प्रबळ (एकाच पालकाकडून दोष आला तरी पुरणारा) प्रकार शोधा. आईवडील धडधाकट, पण भाऊ-बहीण दोघंही आजारी, आणि आईवडिलांचं लग्न आते-मामे नात्यातलं, असं असेल तर अप्रबळ (दोन्ही पालकांकडून दोष यावा लागणारा) प्रकार.

आता पाण्याचं. अमरावती, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातलं भूजल खारं आहे हे खरंच. त्यावरची गावाची तक्रार धुडकावून लावू नका. पण घराण्याचा तक्ता मांडला तर पाणी आणि जनुक यांची फारकत करता येते. पाणी घरातल्या सगळ्यांना लागतं. दुसऱ्या तालुक्यातून आलेली सून तीस वर्षं त्याच विहिरीचं पिते आहे आणि तिची लघवी स्वच्छ आहे, उलट याच घरातली लेक लग्न करून वर्ध्याला गेली, तिथलं नळाचं पाणी प्यायली, तरी तिच्या मुलाच्या लघवीत रक्त आहे, असं दिसलं की उत्तर विहिरीत नाही. म्हणून तक्त्यात सुना आणि सासरी गेलेल्या लेकी दोन्ही लिहा. नेमक्या त्याच राहून जातात, कारण माहिती सांगणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो. मामाच्या घरचं विचारायचं तर आजीला विचारा.

तीन पिढ्यांत प्रत्येकाचं काय विचारायचं? डायलिसिस किंवा मृत्यूचं वय. तरुणपणीच कमी ऐकू येणं; कानाचं मशीन क्वचितच असतं, म्हणून ‘टीव्ही मोठ्यानं लावतो का, हाक दोनदा मारावी लागते का’ असं विचारा. चष्म्याचा नंबर भराभर बदलणं. मुतखडे. तिशीच्या आत गाउट. दगावलेली बाळं. ‘किडनी फेल’ हा शब्द जुन्या पिढीत सापडणार नाही. ‘अंग सुजून गेला’ असा सापडेल.

मग लघवीची पट्टी. आई, मावशी, भाऊ, बहीण, मावसभाऊ, सगळ्यांची. बायकांची पाळीचे दिवस टाळून, आणि एकदा निगेटिव्ह आली तर थोड्या दिवसांनी पुन्हा. पट्टीवर रक्त आलं तर लघवी फिरवून लाल पेशी प्रत्यक्ष पाहा. एक्स प्रकारात सदोष जनुक असलेल्या बहुतेक बायकांच्या लघवीत सूक्ष्म प्रमाणात रक्त असतं; त्यांना स्वतःला काही जाणवत नसतं. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं आणि बायोप्सीच्या अनेक ओळींपेक्षा जास्त सांगतं. मुलाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. बहिरेपणा आधी उंच पट्टीतल्या आवाजांत सुरू होतो, म्हणून समोरासमोर बोलताना लक्षात येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पवर लेन्सचा पुढचा भाग शंकूसारखा पुढे आला आहे का, आणि पडद्यावर बारीक ठिपके आहेत का, एवढंच नेमकं विचारा. चिठ्ठीवर नुसतं ‘डोळे तपासा’ लिहिलं तर नंबर काढून परत पाठवतील. पुढे आलेला शंकू दिसला तर निदान जवळजवळ झालंच.

विदर्भात लाल लघवीचं आणखी एक आनुवंशिक कारण रोज समोर बसलेलं असतं : सिकल सेल. विद्राव्यता चाचणी आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) झाल्याशिवाय कुणाच्याही लाल लघवीचा विचार इथं पुरा होत नाही. नुसत्या वाहकालाही, म्हणजे एएस असलेल्याला, किडनीच्या आतल्या भागात रक्तस्राव होऊन लाल लघवी होऊ शकते. मात्र त्यानं २२ व्या वर्षी क्रिएटिनिन २.८ होत नाही, म्हणून एएस निघाला तरी शोध थांबवू नका. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णाच्या बायोप्सीत ग्लोमेरुलाय मोठे झालेले, केशवाहिन्यांत कोयत्यासारख्या पेशी अडकलेल्या, नलिकांच्या पेशींत लोहाचे कण, पुढे एफएसजीएससारखा व्रण, किंवा प्रतिकारद्रव्यांचा साठा नसतानाही दुहेरी कडा दिसणाऱ्या केशवाहिन्या, असं चित्र असतं. एक फसगत ध्यानात ठेवा : फॉर्मॅलिनमध्ये पडल्यावर वाहकाच्या पेशीही वाकतात. ‘कोयत्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या’ या ओळीवरून आजार ठरवायचा नाही, त्यासाठी एचपीएलसी. आणि एचपीएलसीचं रक्त, रक्त चढवण्याआधी घ्यायचं. चढवलेल्या रक्तानं आकडे तीन महिन्यांपर्यंत गढूळ राहतात.

पुन्हा या मुलाच्या तुकड्याकडे. नवी बायोप्सी नको. किडनी अर्धी कडक झालेली असताना, रक्तदाब चढलेला असताना सुई घालण्यात रक्तस्रावाचा धोका जास्त आणि मिळकत कमी. जिथं झाली त्या प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा. ग्लुटाराल्डिहाइडमधला, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठीचा, तुकडा राखून ठेवला आहे का? अनेक ठिकाणी तो घेतात, पण खर्चामुळे पाहत नाहीत. इम्युनोफ्लुरोसन्सचा गोठवलेला तुकडा उरला आहे का? आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मिळेल का? ब्लॉक रुग्णाला मागता येतो. पत्रावर ब्लॉक नंबर आणि ‘कोलाजेन-४ साठी फेरतपासणी’ हे कारण लिहा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत पाहायचा असतो तो गाळणीचा पडदा. प्रौढ पुरुषात त्याची जाडी साधारण ३७० नॅनोमीटर, बाईत ३२० च्या आसपास. २५० च्या खाली गेला तर पातळ म्हणतात. लहान मुलांत पडदा मुळातच पातळ असतो, त्यामुळे तिथं वयानुसार आकडे लावावे लागतात. अल्पोर्टमध्ये पडदा सुरुवातीला पातळ असतो, पुढे ठिकठिकाणी जाड होतो, आणि आतून फाटल्यासारखे थर सुटून टोपलीच्या विणीसारखा दिसतो. ही वीण एखाद-दुसऱ्या जागी इतर आजारांतही भेटते. बहुतेक केशवाहिन्यांत पसरलेली दिसली तर ती अल्पोर्टची. पॅराफिन ब्लॉकमधून काढलेल्या तुकड्यावरही वीण दिसू शकते, पण त्या प्रक्रियेत पडदा मुळापेक्षा पातळ भरतो. म्हणून ब्लॉकवरून ‘पातळ पडद्याचा आजार’ हे निदान कुणी दिलं तर मान्य करू नका.

गोठवलेला तुकडा असेल तर कोलाजेन-४ च्या अल्फा-३ आणि अल्फा-५ साखळ्यांचा रंग लावता येतो. नेहमीच्या इम्युनोफ्लुरोसन्समध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू, कॅपा, लॅम्डा एवढंच असतं. त्यात अल्पोर्ट निगेटिव्हच येणार. एक्स प्रकारच्या पुरुषात अल्फा-५ गाळणीच्या पडद्यातून आणि बोमन कॅप्सुलमधून दोन्हीकडून नाहीसा होतो. अप्रबळ प्रकारात तो पडद्यातून जातो, पण बोमन कॅप्सुलमध्ये आणि त्वचेत टिकतो. बाई वाहक असेल तर तुटक, कुठे आहे कुठे नाही असा. तुकडाच नसेल तर त्वचेच्या छोट्या पंच बायोप्सीवर अल्फा-५ पाहता येतो. रंग पूर्ण गेला तर निदान पक्कं. रंग शाबूत दिसला म्हणून अल्पोर्ट नाही असं मात्र म्हणता येत नाही. एखादंच अमिनो आम्ल बदललेलं असेल तर साखळी बनते, नीट चालत नाही, आणि रंग घेते.

या टप्प्यावर जनुक तपासणी हाच सरळ रस्ता आहे, आणि रक्त तुमच्याच रुग्णालयातून पाठवता येतं. ३-४ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. फ्रीजमध्ये चालेल, फ्रीझरमध्ये नको. दोन-तीन दिवसांत पोचावं. मे महिन्यात ४५ अंशांत कुरिअरच्या पेटीत थंड पॅक घाला, पण ट्यूब थेट बर्फाला टेकू देऊ नका. फॉर्मवर ‘सीकेडी’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. लाल लघवी, बायोप्सी, मामाचं वय, ऑडिओग्राम सगळं लिहा. उत्तर ‘अर्थ अनिश्चित’ असं आलं तर तो होकार धरू नका. आजारी मावसभावात तोच बदल आहे का आणि निरोगी मोठ्या भावात नाही ना, हे पाहिल्यावर त्या बदलाचं वजन ठरतं. त्यासाठीही तक्ता लागतोच.

हाच मुलगा लाल लघवीशिवाय आला असता आणि रिपोर्टवर ‘क्रॉनिक इंटरस्टिशियल नेफ्रायटिस’ (नलिकांभोवतीच्या भागाचा जुनाट दाह) असतं, तर गोष्ट जास्त अवघड होती. खारपाणपट्ट्यात हा रिपोर्ट आला की सगळे पाण्याकडे किंवा वेदनाशामक गोळ्यांकडे बोट दाखवून मोकळे होतात. नेफ्रोनोफ्थायसिस (लहानपणापासून नलिका बिघडवणारा आनुवंशिक आजार) आणि प्रबळ पद्धतीनं उतरणारा नलिकांचा आजार बायोप्सीत नेमका असाच दिसतो : फायब्रोसिस, सुकलेल्या नलिका, निगेटिव्ह इम्युनोफ्लुरोसन्स. पीएएस आणि सिल्व्हर रंगात नलिकांचा पडदा कुठे जाडजूड, कुठे विरलेला दिसला तर नेफ्रोनोफ्थायसिसचा इशारा आहे. पण तो कुठल्याही जुनाट किडनीत थोडाफार असतो. खरी खूण इतिहासात. मूल रात्री उठून पाणी पितं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं, क्रिएटिनिनच्या मानानं रक्त फारच कमी, रक्तदाब नॉर्मल, पट्टीवर जवळजवळ काही नाही. तिशीच्या आत गाउट आणि बापालाही गाउट, तर युरोमोड्युलिनचं जनुक. या गटातली एक अडचण माहीत असावी : एमयूसी१ जनुकातला दोष पुनरावृत्तीच्या लांबलचक पट्ट्यात दडलेला असतो आणि नेहमीच्या एक्झोम तपासणीतून, म्हणजे सगळी जनुकं एकदम वाचण्यातून, निसटतो. एनपीएचपी१ मध्ये बहुधा अख्खं जनुकच गळालेलं असतं, म्हणून गळालेले भाग मोजले आहेत का, हे विचारावं लागतं.

स्फटिकांचा विषय लहान आहे, पण महाग पडतो. मुतखड्याच्या घराण्यातल्या बायोप्सीचे काप ध्रुवीकृत प्रकाशाखाली पाहिले का, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर फोन करा. ऑक्झलेट रंगहीन, पंख्यासारखे चमकतात. एपीआरटी या एन्झाइमच्या कमतरतेतले स्फटिकही चमकतात, पण साध्या रंगातच पिवळट-तपकिरी दिसतात. ते ऑक्झलेट म्हणून खपले तर अ‍ॅलोप्युरिनॉलनं थोपवता आला असता असा आजार हातचा जातो, आणि बसवलेल्या नव्या किडनीतही परत येतो.

फॅब्री, म्हणजे पेशींत चरबी साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, हाही एक्सवरचाच, म्हणून मामाकडूनच ओळख देतो. पोडोसाइट फुगून बुडबुड्यांनी भरलेले दिसतात. पॅराफिनमध्ये चरबी धुऊन गेल्यामुळे आत रिकामं वाटतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र झेब्र्याचे पट्टे. शेतात काम करणारा पोरगा उन्हात घामच येत नाही म्हणतो, लहानपणापासून तळहात-तळपाय जळतात म्हणतो, तर रक्तातलं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम तपासा. बाईत ते नॉर्मल येऊ शकतं, तिथं जनुकच पाहावं लागतं. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन खाणाऱ्यातही तसेच पट्टे दिसतात, हे पॅथॉलॉजिस्टला आधी सांगून ठेवा.

पुढच्या रुग्णाला बायोप्सीसाठी पाठवाल तेव्हा चिठ्ठीत ‘तीन बाटल्या’ लिहा. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन साध्या मायक्रोस्कोपीसाठी. मिशेल्स माध्यम इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, ज्यात तुकडा काही दिवस प्रवास करू शकतो. अडीच-तीन टक्के ग्लुटाराल्डिहाइड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी, तुकडा एक मिलिमीटरचा. ग्लुटाराल्डिहाइड ४ अंशांवर ठेवायचं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर बर्फाच्या सुया पेशी फोडतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही कोअर (सुईनं काढलेले तुकडे) फॉर्मॅलिनमध्ये टाकणं, त्याखालोखाल चिमट्यानं तुकडा दाबणं आणि कोरड्या गॉजवर ठेवणं. बाटल्यांची झाकणं अदलाबदल झाली तर फॉर्मॅलिनच्या थेंबानंही इम्युनोफ्लुरोसन्स बिघडतो. हे सगळं न करता निदान होणारा एक आनुवंशिक आजार म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी. तिथं सोनोग्राफी पुरते, सुई नको.

या मुलाचा औषधोपचार : रामिप्रिल १.२५ किंवा २.५ मिलिग्रॅमनं सुरू, एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नका, पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर नेफ्रॉलॉजिस्टशी बोला. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर बरं वाटेपर्यंत गोळी थांबवायची, हे आईला सांगून ठेवा. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन गावात कुणाकडूनही घ्यायचं नाही.

आता आई. मुलाचा दोष तिच्याकडून आला असण्याची शक्यता मोठी आहे. मामाही आजारी होता म्हटल्यावर जवळजवळ खात्रीच. अशा बायकांना कायमचं काही होत नाही, असं पूर्वी म्हणत. मोठ्या घराण्यांच्या नोंदींत वयाच्या चाळिशीपर्यंत सुमारे १२ टक्के आणि साठीपर्यंत ३० टक्के बायकांच्या किडन्या निकामी झालेल्या आढळल्या. म्हणून आधी तिचं जनुक, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब, ऑडिओग्राम. दुसरा कुणीही जुळणारा दाता असेल तर तो आधी, आणि बाप निरोगी असेल तर सर्वांत आधी त्याची तपासणी. मावशीलाही आईचेच निकष. ट्रान्सप्लांट युनिटला निदान अगोदर कळवा, कारण काही थोड्या अल्पोर्ट रुग्णांच्या शरीराला नव्या किडनीतलं कोलाजेन परकं वाटतं आणि पहिल्याच वर्षात अँटी-जीबीएम नेफ्रायटिस, म्हणजे गाळणीच्या पडद्यावरच प्रतिकारशक्तीचा हल्ला, उसळतो.

आणि मामाला मुलगी असेल, तिचं या मुलाशी लग्न जमवण्याचं घरात बोलणं असेल, तर ते आत्ताच कानावर घाला. एक्स प्रकार ठरला तर मामाची प्रत्येक मुलगी वाहक असणारच. या दोघांच्या मुलींना सदोष एक्स बापाकडून मिळणारच आणि आईकडून मिळण्याची शक्यता निम्मी. दोन्हीकडून मिळाला तर मुलीचाही आजार मामासारखाच चालेल.